डिंकाने चिकटवलेला खजिना

आमच्या शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे काचेचे एक जुने कपाट आहे. त्याच्या मधल्या फळीवर लाकडी पाटीवर ठोकलेली एक पितळी ढाल उभी आहे. आंतरशालेय क्रिकेट स्पर्धा, विजेते, १९५६, अशी इंग्रजी अक्षरे तिच्यावर कोरलेली आहेत. दर पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी शिपाई ती चिंच लावून घासतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांच्या वेळीही हाच क्रम होता.

काही वर्षांपूर्वी एके दिवशी पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ नातवाचा हात धरून कार्यालयात आले. शाळेचे माजी विद्यार्थी. जुन्या दाखल्याचे काही काम असेल असे मला वाटले. पण ते सरळ त्या कपाटापुढे जाऊन उभे राहिले. मी ढाल काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले, ती उलटी करून मागची बाजू पाहिली आणि मला म्हणाले, "ढाल हाय की सर, जाग्यावर. पण आमची नावं कुठं हायत?"

त्या अंतिम सामन्यात ते यष्टिरक्षक होते. नातवाला आपले नाव दाखवावे एवढ्यासाठी ते दोन एसट्या बदलून आले होते. ढालीवर शाळेचे नाव होते, मुलांची नव्हती. मुलांची नावे होती ती धावा लिहिण्याच्या वहीत, म्हणजे आपण ज्याला स्कोअरबुक म्हणतो त्यात. आणि त्या वह्या मी रद्दीत घातल्या होत्या.

होय, मीच. साल १९९८. संगणकासाठी खोली रिकामी करायची होती आणि क्रीडासाहित्याची जबाबदारी तरुण शिक्षक म्हणून माझ्याकडे होती. चषक आणि ढाली मी जपून बाजूला काढल्या, पुसल्या, कपाटात लावल्या. वाळवीने कडा खाल्लेल्या पंधरा-वीस वह्या मात्र तागडीत गेल्या. आलेल्या पैशांची पावतीसुद्धा केली. हिशोब चोख होता. इतिहास घेऊन एम. ए. झालेल्या माणसाने इतिहास किलोवर विकला, एवढेच.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. जपावे ते काय? खेळाच्या आठवणींचा संग्रह थोर कशाने ठरतो? वस्तूच्या चकाकीने, किमतीने, संख्येने, की आणखी कशाने? या प्रश्नाचा माग काढताना मी अशा एका देशात जाऊन पोहोचलो की जिथे या छंदाचा मोठा व्यापार झाला, आणि अशा एका माणसापाशी की ज्याच्या खिशात त्या व्यापाराचा एक पैसाही पडला नाही. आज त्या माणसाची हकीगत सांगायची आहे.

आपल्याकडे जसे क्रिकेट तसे अमेरिकेत बेसबॉल. तिथल्या खेळाडूंच्या चित्रकार्डांचा जन्म मैदानावर झाला नाही, तंबाखूच्या दुकानात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून पाकिटात एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. हा तुकडा कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर रंगीत चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा आपलेच पाकीट घेईल, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर या कंपनीने १८८७ च्या सुमारास जगातील नामांकित खेळाडूंची ५० चित्रे काढली. त्यांत मुष्टियोद्धे होते, मल्ल होते, नावाडी होते, नेमबाज होते आणि बेसबॉलचे १० खेळाडू होते. बाप सिगारेट ओढी आणि मुलगा चित्र गोळा करी. आमच्या पिढीने काडेपेटीचे छाप जमवले आणि बबलगमच्या पुडीतल्या क्रिकेटपटूंच्या चित्रांची गोट्यांशी अदलाबदल केली. त्या खेळाचे मूळ हे असे धुरात आहे.

इंग्लंडमध्येही हेच झाले. विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंच्या ५० चित्रांची मालिका काढली. ससेक्सकडून खेळणारे आपले रणजितसिंहजी त्या काळात इंग्लंडमधल्या सिगारेटच्या चित्रांवर झळकत. इकडे जामनगरात त्यांच्या गादीच्या हक्काचा वाद चालू होता आणि तिकडे इंग्रज पोरांच्या खिशात त्यांची छबी फिरत होती.

अमेरिकेत तंबाखूच्या धंद्यावर अमेरिकन टोबॅको कंपनीची जवळजवळ मक्तेदारी झाली. या कंपनीने १९०९ ते १९११ या काळात बेसबॉलपटूंची पाचशेहून अधिक चित्रे काढली. त्यातच पिट्सबर्ग संघाच्या होनस वॅग्नर या खेळाडूचे चित्र होते. ते थोडेसेच छापले गेले आणि लगेच बंद झाले. वॅग्नरने परवानगी नाकारली. लहान मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला रुचले नाही, असे काही म्हणतात. मोबदला न देता आपला चेहरा वापरला म्हणून तो रागावला, असे दुसरे म्हणतात. कारण काही असो, आज त्या चित्राच्या सुमारे साठच प्रती ज्ञात आहेत. बाकी पोरांच्या खिशात फाटल्या, चुलीत गेल्या, रद्दीत गेल्या. रद्दीशी या विषयाचे नाते जुनेच आहे.

आता त्या माणसाकडे वळतो. त्याचे नाव जेफरसन बर्डिक. जन्म १९०० साली, न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल स्क्वेअर नावाच्या खेड्यात. जवळच्या सिरॅक्यूज शहरात तो विजेची उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात सुटे भाग जोडण्याचे काम करी. लग्न केले नाही. भाड्याच्या खोलीत राहिला. तरुणपणीच त्याला संधिवाताने गाठले आणि हळूहळू बोटे, मान, पाठ आखडत गेली. लहानपणी सिगारेटची चित्रे गोळा करण्याचा जो नाद लागला तो मात्र सुटला नाही. गंमत अशी की, बेसबॉलच्या कार्डांचा आद्यपुरुष म्हणून ज्याचे नाव घेतात त्याने बेसबॉलचा एखादा मोठा सामना मैदानात बसून पाहिल्याचा दाखला मिळत नाही, असे त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. त्याला खेळापेक्षा कागदाचे वेड होते. जाहिरातींची कार्डे, पोस्टकार्डे, शुभेच्छापत्रे, चित्रपट्या, लोक ज्याकडे एकदा पाहून फेकून देतात असा सगळा छापील कागद तो जमवी.

पण जमवणारे पुष्कळ असतात. बर्डिकने जे केले ते दुसऱ्या कुणी केले नव्हते. त्या काळी या कार्डांना ना यादी होती, ना नाव, ना क्रमांक. एका गावातला छांदिष्ट दुसऱ्या गावातल्या छांदिष्टाला पत्र लिहून "माझ्याकडचे निळ्या टोपीचे चित्र घे आणि तुझ्याकडचे लाल पाठीचे दे" असे कळवी, तेव्हा दोघांच्या मनात तेच चित्र असेल याची खात्री नसे. बर्डिकने १९३७ साली अशा छांदिष्टांसाठी एक छोटे पत्रक सुरू केले आणि १९३९ साली कार्डांची एक सूची छापली. पुढे १९४६, १९५३ आणि १९६० साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचे नाव अमेरिकन कार्ड कॅटलॉग.

या सूचीतली योजना एखाद्या शाळेच्या हजेरीपटासारखी सोपी आहे. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना एन हे अक्षर, विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना टी, जुन्या मिठाईच्या कार्डांना ई, अलीकडच्या च्युइंगगमच्या कार्डांना आर, पाववाल्यांच्या कार्डांना डी. अक्षरापुढे मालिकेचा क्रमांक. वॅग्नरचे चित्र ज्या मालिकेत आहे तिला बर्डिकने टी-२०६ हा क्रमांक दिला. आज जगभरच्या लिलावांत कोट्यवधींची बोली लावणारे लोक टी-२०६ हे शब्द उच्चारतात तेव्हा कारखान्यातल्या एका आजारी कामगाराने रात्री जागून टाकलेला क्रमांकच उच्चारत असतात. त्याच सूचीत वॅग्नरच्या कार्डाची किंमत ५० डॉलर धरली होती. इतर साध्या कार्डांची किंमत सेंटांत असे.

आपल्यामागे या कागदांचे काय होणार, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकाला कधीतरी पडतोच. बर्डिकने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे आपला संग्रह देऊ केला. तिथे जगातील थोर चित्रकारांची चित्रे आहेत, प्राचीन मिसरमधील मूर्ती आहेत. अशा ठिकाणी सिगारेटची चित्रे? पण मुद्राचित्रांच्या विभागाचे प्रमुख हायट मेयर हे मोठे जाणते गृहस्थ. हा सामान्य माणसाच्या घरातला छापील इतिहास आहे, हे त्यांनी ओळखले. मात्र त्यांनी एक अट घातली : संग्रह जसाच्या तसा पेट्यांतून ओतून चालणार नाही, तो बर्डिकने स्वतः लावून द्यावा. १९४७ पासून कार्डांच्या पेट्या न्यूयॉर्कला येऊ लागल्या.

पुढची सुमारे पंधरा वर्षे हेच काम चालले. संधिवात वाढला, कारखान्यातली नोकरी सुटली, तेव्हा बर्डिक न्यूयॉर्कलाच येऊन राहिला. मेयरनी त्याला विभागाच्या एका कोपऱ्यात टेबल दिले. आखडलेल्या बोटांनी तो एकेक कार्ड उचली, क्रम लावी आणि मोठ्या वहीत डिंकाने चिकटवी. दररोज. १० जानेवारी १९६३ रोजी शेवटचे कार्ड चिकटवून झाले. त्याने मेयरचा निरोप घेतला, आता मी परत येणार नाही असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच रुग्णालयात दाखल झाला. १३ मार्च १९६३ रोजी त्याचा मृत्यू झाला. मागे राहिल्या ३९४ वह्या. त्यांत ३ लाखांहून अधिक कागद, आणि त्यांपैकी ३० हजारांहून अधिक बेसबॉलची कार्डे. टी-२०६ मधला वॅग्नरही त्यात आहे.

या हकीगतीतला डिंक मला फार महत्त्वाचा वाटतो. आजच्या बाजारात कार्डाच्या मागच्या बाजूला डिंकाचा डाग लागला की त्याची किंमत घसरते. कोपरा किंचित दुमडला तरी घसरते. बर्डिकने हजारो कार्डे चिकटवली म्हणून आजचे व्यापारी हळहळतात. पण वहीत चिकटवलेले कार्ड सुटे विकता येत नाही. त्याच्या आधीचे आणि नंतरचे कार्ड त्याच्याबरोबर राहते. प्रतवारी लावणाऱ्याला ते नासले असे वाटेल. इतिहास वाचणाऱ्याला ते जागेवर बसले असे वाटते.

आता याच्या उलट बाजू पाहू. सिगारेटनंतर च्युइंगगमच्या कंपन्या या धंद्यात आल्या. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ साली ४०७ कार्डांची एक मोठी मालिका काढली. तिच्यातला शेवटचा भाग हंगाम संपत आल्यावर बाजारात गेला आणि पडून राहिला. ती मालिका ज्यांनी रचली त्या सी बर्गर यांनी पुढे सांगितले की, १९६० साली उरलेल्या कार्डांची खोकी पडावात भरून त्यांनी समुद्रात बुडवून टाकली. त्या बुडालेल्या भागातच मिकी मँटल या खेळाडूचे कार्ड होते. त्याची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली. त्या वेळच्या दराने सुमारे शंभर कोटी रुपये. बेब रूथ या विख्यात खेळाडूने १९३२ च्या अंतिम मालिकेत घातलेला सदरा २०२४ साली २ कोटी ४१ लाख डॉलरना गेला. एका सदऱ्याला दोनशे कोटी रुपये!

एवढा पैसा आला की त्याच्या मागून काय येते हे वेगळे सांगायला नको. वॅग्नरच्या कार्डाची सर्वांत प्रसिद्ध प्रत १९९१ साली आइस हॉकीचा नामवंत खेळाडू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतली. त्याच सुमारास कार्डांना दहापैकी गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद करणारी एक कंपनी निघाली. या कार्डाला तिचा पहिला क्रमांक आणि दहापैकी आठ गुण मिळाले. शंभर वर्षांचा कागद आणि कडा अशा सुबक की पाहणारा थक्क व्हावा. २०१३ साली ते कार्ड पूर्वी हाताळलेल्या एका लिलावदाराने शिकागोच्या न्यायालयात कबुली दिली की, त्या कडा आपणच कापून सारख्या केल्या होत्या. शाळामास्तराला यात आश्चर्य नाही. ज्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत खाडाखोड अजिबात नाही तिच्याकडे आम्ही दोनदा पाहतो.

सह्यांची गोष्ट याहून वाईट. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने खोट्या सह्यांच्या टोळ्यांवर मोठी कारवाई केली. जप्त मालात बेसबॉलच्या चेंडूंवरच्या हजारो बनावट सह्या सापडल्या. त्यांत एक चेंडू मदर तेरेसांच्या सहीचा होता! त्या माउलीने बेसबॉलच्या चेंडूवर सही कधी आणि कशासाठी केली असेल, हा प्रश्न विकत घेणाऱ्याच्या मनात उठला असता तर खोटेपणा तिथेच उघडा पडला असता. पण हाव असली की माणूस प्रश्न विचारत नाही.

बॅरी हॅल्पर नावाचा न्यू जर्सीचा एक मोठा संग्राहक होता. बर्डिकच्या अगदी उलट. सदरे, बॅटी, चेंडू, सह्या, कार्डे यांनी त्याचे घर भरले होते; खाजगी मालकीचा सर्वांत मोठा संग्रह म्हणून तो गाजला. त्यातला काही भाग कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयासाठी घेतला गेला आणि उरलेल्याचा १९९९ साली लिलाव होऊन २ कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली. पुढे मात्र त्यातल्या काही वस्तूंविषयी शंका निघाल्या. शूलेस जो जॅक्सन या खेळाडूचा १९१९ सालचा म्हणून संग्रहालयात गेलेला सदरा प्रयोगशाळेत तपासला, तेव्हा १९१९ साली अस्तित्वातच नसलेले द्रव्य त्यात आढळले. हॅल्परने जाणूनबुजून फसवले असे मी म्हणत नाही. कदाचित तोही फसला असेल. तो तर २००५ सालीच वारला. पण वस्तू कुणाकडून आली, कधी आली, त्याआधी कुठे होती, याचा धागा जिथे तुटतो तिथे दोनशे कोटींचा सदरा आणि बाजारातला सदरा यांत फरक काय उरतो?

याउलट लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरच्या संग्रहालयात एक चिमणी आहे. पेंढा भरलेली. ३ जुलै १९३६ रोजी केंब्रिज विद्यापीठ आणि एम. सी. सी. यांच्या सामन्यात जहांगीर खान गोलंदाजी करत होते. हे जहांगीर खान म्हणजे १९३२ साली सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली याच लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळलेल्या भारतीय संघातले. नायडू म्हटले की आपल्या इंदूरच्या वाचकांना होळकरांचा संघ आठवेल. जहांगीर खान यांचा चेंडू वाटेत उडणाऱ्या चिमणीला लागला आणि ती मेली. ती चिमणी आणि चेंडू तिथे जपून ठेवला आहे. बाजारात मेलेल्या चिमणीला कोण विचारतो? पण तिला दिवस आहे, मैदान आहे, सामना आहे, गोलंदाजाचे नाव आहे. तिच्याकडे पाहून आजही माणूस हसतो आणि मग हळहळतो. एक मेलेली चिमणी एवढी बोलते, कारण कुणीतरी त्याच दिवशी तिची हकीगत लिहून ठेवली.

म्हणून माझ्यापुरते मी या प्रश्नाचे उत्तर असे लावले आहे. संग्रहाला आधी खरेपणा हवा, आणि खरेपणा वस्तूच्या चकाकीत नसतो, तिच्याबरोबर आलेल्या कागदात असतो. मग क्रम हवा. ३ लाख कागदांचा ढीग ही अडगळ आहे. त्याच ३ लाखांना अक्षरे आणि क्रमांक मिळाले की तो ग्रंथ होतो. आणि शेवटी, तो दुसऱ्याला पाहता आला पाहिजे. तिजोरीतला वॅग्नर एकट्या मालकाचा. न्यूयॉर्कच्या वहीतला वॅग्नर, कार्ड घ्यायला ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा पोराचाही. इंग्लंडमधील एडवर्ड व्हार्टन-टायगर यांनी दहा लाखांवर सिगारेटची चित्रे जमवली आणि १९९५ साली निधनानंतर ती ब्रिटिश म्युझियमला गेली. तीही याच वाटेने.

ही वाट आपल्याला अनोळखी नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी. चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या या माणसाने गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे जमवले. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली सगळे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. खेळापुरते बोलायचे तर पुण्यातच २०१२ साली क्रिकेटच्या वस्तूंचे एक संग्रहालय सुरू झाले, सचिन तेंडुलकरच्या हस्ते. तेव्हा आपल्याकडे हौस नाही असे नाही. आपल्याकडे मोठ्या खेळाडूंच्या बॅटी जपल्या जातात. जपली जात नाही ती शाळेच्या संघाची वही.

आणि आपल्या सीमाभागात तर ती वही अधिक मोलाची. १९५६ च्या जानेवारीत आमच्या शाळेने ती ढाल जिंकली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली आणि तो म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर जे झाले ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. प्रत्येक घराला ते आपापल्या परीने ठाऊक आहे. पण त्या जानेवारीत एका संघातून खेळलेली अकरा मुले कोण होती, कुणाच्या घरी कोणती भाषा बोलली जाई, कुणी किती धावा काढल्या, कुणी कुणाचा झेल घेतला, हे एका वहीत लिहिलेले होते. मोठ्या इतिहासात अशी गोष्ट येत नाही. ती स्कोअरबुकातच येते. ते मी तागडीत घातले.

त्या दिवशी मी त्या गृहस्थांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि घडले ते सांगून टाकले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ ढालीकडे बघत बसले. मग म्हणाले, "लिवा मग. आठवतील तेवढी सांगतो." मी हजेरीचा एक कोरा कागद घेतला. त्यांनी डोळे मिटले आणि फलंदाजीच्या क्रमाने नावे सांगायला सुरुवात केली. सलामीच्या जोडीतला एक मराठी, एक कानडी. तिसऱ्या क्रमांकावर बाजारपेठेतल्या मुसलमान व्यापाऱ्याचा मुलगा. पुढे मधूनच थांबत, टोपणनाव आधी आठवत, आडनाव मागाहून. यष्टिरक्षक म्हणून स्वतःचे नाव सांगताना त्यांनी नातवाकडे पाहिले. एकूण नऊ नावे झाली. पाच मराठी, तीन कानडी, एक मुसलमान. दोन काही केल्या आठवली नाहीत. "एक डावखुरा होता, उंच होता," एवढेच.

तो कागद मी टंकलिखित करून घेतला, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख खाली लिहिली आणि ढालीशेजारी काचेत लावला. पुढच्याच महिन्यापासून मुलांना एक काम दिले : घरातले खेळाचे जुने छायाचित्र, पदक, प्रमाणपत्र, कात्रण जे सापडेल ते पाहायचे आणि कोण, कुठे, कधी, कुणी सांगितले, हे चार रकाने भरून आणायचे. वस्तू घरीच राहू द्यायची. शाळेत फक्त नोंद आणायची. ती वही आता जाडजूड झाली आहे. मराठीत आहे, कानडीत आहे, जशी ज्याच्या आजीने सांगितली तशी. एका नोंदीत कबड्डीच्या संघाचे छायाचित्र आहे आणि मागे पेन्सिलने सातही मुलींची नावे. ते वाचताना मला बर्डिकची वही दिसते.

दिवाळीच्या निमित्ताने घराघरांतून माळे झाडले जातात, ट्रंका उघडतात. वाचकांना एवढीच विनंती की, पितळेचे कप पुसून झाले की त्यांच्या खालच्या कागदांकडेही पाहा. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. सांगणारे घरात आहेत तोवर लिहा.

आणि आणखी एक. बेळगाव परिसरातल्या एखाद्या घरी, १९५६ सालच्या जानेवारीत शालेय क्रिकेट खेळलेल्या एखाद्या उंच, डावखुऱ्या मुलाची आठवण निघत असेल तर या अंकाच्या संपादकांकडे जरूर कळवावे. आमच्या ढालीशेजारच्या कागदावर दोन ओळी अजून रिकाम्या आहेत.